जुनं तांबं सोडून

कर्जतजवळच्या एका फार्महाऊस वसाहतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी होतो. माझं तिथे घर नाही. बाबा त्या लोकांचे पाण्याचे पंप दुरुस्त करतात आणि व्हॉट्सअ‍ॅप वापरत नाहीत, म्हणून ग्रुपवर माझा नंबर. मागे पावसाळ्याच्या तोंडावर तिथे एक फोटो आला. कातकरवाडीतली दोन पोरं, बारा-तेरा वर्षांची, गेटपाशी उकिडवी बसलेली, पुढ्यात सिमेंटच्या गोणीत वायरी. खाली मजकूर: ‘केबल चोर पकडले.’ त्याखाली अंगठे, टाळ्या, आणि एकाचा सल्ला की पोलीस वगैरे नंतर, आधी दोन ठेवून द्या. चेहरे झाकायचं कुणाला सुचलं नाही.

संध्याकाळी उलगडा झाला. वायर चोरीची नव्हती. त्याच वसाहतीतल्या एका बंगल्याचं वायरिंग बदललं होतं आणि कंत्राटदाराने जुनी वायर राडारोड्यासकट कुंपणापलीकडच्या ओढ्यात लोटली होती. पोरांनी ती तिथून उचलली. ओढ्यात राडारोडा टाकणाऱ्याचा फोटो काही ग्रुपवर आला नाही. पोरांचा होता तो कुणी काढूनही टाकला नाही.

गरिबाच्या हातात तांबं दिसलं की ते चोरीचंच, हे आपण इतकं गृहीत धरलंय की ते गृहीतक आहे हेच विसरलोय. मला त्याबद्दल बोलायचंय, आणि मी तटस्थ नाही. माझं शिक्षण भंगारच्या तांब्यावर झालंय.

खोपोलीत बाबांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळलेली मोटार आली की बाबा दोन भाव सांगतात. तांबं परत हवं असेल तर एक, आणि ‘जुनं तांबं सोडून’ दुसरा, कमी. बहुतेक गिऱ्हाइकं तांबं सोडतात, काहींना ते आपलं आहे हेच ठाऊक नसतं. मग छिन्नीने एका बाजूची कॉइलची डोकी छाटायची आणि दुसऱ्या बाजूने पकडीने गुच्छ ओढायचा. वार्निशचा दगड झालेला असेल तर स्टेटर तापवावा लागतो, आणि तो वास अंगाला दोन दिवस राहतो. काढलेलं तांबं तेलाच्या पत्र्याच्या डब्यात दाबून भरायचं. हलक्या पंख्यांत हल्ली अ‍ॅल्युमिनियमची तार निघते. वरच्या लेपामुळे ती तांब्यासारखी दिसते, पण पात्याने खरवडली की पांढरी पडते. खरवडायचीही गरज नाही खरं तर. तांब्याची घनता जवळपास ९, अ‍ॅल्युमिनियमची २.७, हाताला लगेच कळतं. मला हे इंजिनिअरिंगला दुसऱ्यांदा शिकवलं.

ते डबे दर महिन्याला विकले जात नसत. आमच्या घरात ती एफडी होती. आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन, घरावरचे पत्रे, आणि माझ्या पहिल्या वर्षाच्या फीचा हप्ता. त्या वेळी साठ-बासष्ट किलो तांबं टेम्पोत चढताना मी पाहिलंय. त्याची एकही पावती बाबांकडे नव्हती.

महाराष्ट्र पोलीस कायद्यात, १९५१च्या, कलम १२४ आहे. तुमच्याजवळची वस्तू चोरीची असल्याचा सबळ संशय असेल आणि ती कुठून आली हे तुम्हाला समाधानकारक सांगता आलं नाही, तर तेवढ्यावर शिक्षा होऊ शकते. रेल्वेच्या मालासाठी १९६६चा वेगळा कायदा आहे, त्याचाही रोख असाच. बाबांना कुणी कधी विचारलं नाही, कारण दुकानाला पाटी आहे. गोणीला पाटी नसते.

चोऱ्या होतात, हे मी नाकारत नाही. सिग्नलची केबल कापली की लोकल रखडते, आणि कर्जत-खोपोलीच्या माणसाला ते कुणी समजावून सांगायला नको. डीपी फोडून आतलं तेल आणि वाइंडिंग नेलं की आख्खं गाव अंधारात बसतं. पण ट्रान्सफॉर्मर उतरवायला गाडी लागते, माणसं लागतात, आणि एका रात्रीत तेवढा माल घेणारा गोडाऊनवाला लागतो. ओढ्यातली वायर वेचणाऱ्या पोरांकडे यातलं काय आहे? तरी जाळ्यात गोणीच येते, कारण ती पायी चालत असते.

आता जाळण्याबद्दल. ‘हे लोक वायरी जाळतात, प्रदूषण करतात,’ हे वाक्य माझ्या ऑफिसात मी अनेकदा ऐकलंय. खरं आहे. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड सुटतो, डायॉक्सिनं तयार होतात, आणि तांबं स्वतःच त्या रासायनिक क्रियेला हातभार लावतं. धूर सगळ्यात आधी जाळणाऱ्याच्या छातीत जातो. शिवाय जाळलेलं तांबं काळं पडतं आणि त्याला सोलून काढलेल्या लखलखीत तांब्यापेक्षा कमी भाव येतो. मग तोटा सोसून माणूस का जाळतो? एक तर बारीक वायर ब्लेडने सोलायला दिवस जातो आणि बोटं कापतात. दुसरं कारण आपण तयार केलंय. लाल-काळ्या वायरीची गोणी रस्त्यात अडवली जाते. जळलेल्या तांब्याला रंग नसतो, छाप नसते, ते कुणाचंच नसतं. संशय जितका जास्त, तितकी शेकोटी लवकर पेटते. त्या गेटवरच्या फोटोनंतर ती पोरं पुढची वायर सोलत बसतील असं ज्यांना वाटतं, त्यांना नमस्कार.

माझ्या कंपनीत दरवर्षी ई-कचरा मोहीम असते. जुने चार्जर, केबली खोक्यात टाका आणि बदल्यात प्रमाणपत्र घ्या. तुळशीचं रोपही मिळतं. हा माल नोंदणीकृत रिसायकलरकडे जातो. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या नियमांनुसार तो त्यावर प्रमाणपत्रं मिळवून ती उत्पादकांना विकतो. वरून तांबं आहेच. मे २०२४मध्ये लंडनच्या बाजारात ते टनाला १० हजार डॉलरच्या वर गेलं होतं. २०१८मध्ये थुथुकुडीत गोळीबारात माणसं मेली, स्टरलाइटचा कारखाना बंद झाला, आणि तांबं निर्यात करणारा आपला देश आयात करू लागला. इतका मोलाचा माल आम्ही पगारदार फुकट देतो आणि जबाबदार नागरिक ठरतो. तोच माल वाडीतला पोरगा विकतो तेव्हा चोर ठरतो.

भंगारवालाही काही संत नाही. त्याच्या काट्यावर किलोचे नऊशे ग्रॅम होतात आणि पोरगा दिसला की साडेआठशे. म्हणूनच मला परोपकार नकोय, वजनकाटा हवाय. कचरावेचकांना ओळख द्या, व्यवस्थेत सामावून घ्या, हे २०१६च्या घनकचरा नियमांत लिहिलेलं होतं. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८पासून काम करतेय, म्हणजे ही कल्पना हवेतली नाही. खोपोली आणि कर्जत नगरपरिषदांनी एकेक शेड द्यावी. त्यात खरा काटा, हँडल फिरवून वायर सोलायचं यंत्र (काही हजारांत येतं, बाबा वेल्डरकडून बनवूनही घेतील), आणि विकल्याची छापील चिठ्ठी. ती चिठ्ठी कलम १२४ला उत्तर म्हणून दाखवता येईल. बारा वर्षांच्या पोराने शाळेत असावं, हे मलाही कळतं. पण वाडीतले आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाळ्याला परत येतात. शाळेचं हजेरीपुस्तक भट्टीवर जात नाही.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं होतं की पोरांची गोणी परत द्या, किंवा तिचे पैसे द्या. उत्तर आलं की वॉचमनने ती विकली आणि रक्कम वसाहतीच्या गणपतीच्या वर्गणीत जमा केली. मी विचारलं, पावती आहे का? तासाभरात मला ग्रुपमधून काढलं. आता त्यांचे फोन थेट बाबांच्या साध्या फोनवर येतात, आणि दोन बंगल्यांनी दुसरा माणूस धरलाय.

बाबांना सगळं सांगितलं. ते बेअरिंग ठोकत होते. म्हणाले, “लिहायचंच होतं तर गोणीचं वजन तरी आधी विचारायचंस.”