सेन्सेक्स ४ हजार अंकांनी कोसळला, तर यावलमध्ये नेमकं काय बिघडतं?

४ जून २०२४. लोकसभेची मतमोजणी सुरू होती आणि मोबाइलवर आणखी एक बातमी फिरत होती : सेन्सेक्स ४,३९० अंकांनी कोसळला. जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेर पट्ट्यातला केळी उत्पादक मात्र रोज वेगळाच आकडा बघतो. रावेर आणि बऱ्हाणपूरला आज केळीला क्विंटलमागे काय भाव निघाला? या दोन आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का?

सेन्सेक्स म्हणजे काय?

मुंबई शेअर बाजार १८७५चा, पण त्याचा हा निर्देशांक सुरू झाला १ जानेवारी १९८६ रोजी. ‘सेन्सिटिव्ह’ आणि ‘इंडेक्स’ हे शब्द जोडून ‘सेन्सेक्स’ हे नाव दिलं बाजार विश्लेषक दीपक मोहोनी यांनी. यात ३० मोठ्या कंपन्या असतात. प्रवर्तकांकडचे शेअर वगळून बाजारात खरेदी-विक्रीसाठी मोकळे असलेल्या शेअरचं मूल्य मोजलं जातं. ही पद्धत २००३पासून आहे. १९७८-७९ या वर्षाचं मूल्य १०० धरलं आहे. सेन्सेक्स ८० हजारांवर म्हणजे त्या १०० चे ८० हजार झाले.

अंक बघायचे की टक्के?

टक्के. हर्षद मेहता घोटाळा बाहेर आल्यावर २८ एप्रिल १९९२ रोजी सेन्सेक्स ५७० अंकांनी पडला. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ती घसरण जवळपास १२.८ टक्के होती. २०२४मधले ४,३९० अंक म्हणजे ५.७ टक्के. कोरोनाच्या काळात, २३ मार्च २०२० रोजी, एकाच दिवसात १३ टक्के घसरण झाली होती. म्हणजे हेडलाइनमधला आकडा मोठा असला तरी घसरण मोठी असेलच असं नाही.

त्याच ३० कंपन्या कायम असतात?

नाही. १९८६च्या यादीत अॅम्बेसेडर बनवणारी हिंदुस्थान मोटर्स होती, पद्मिनी बनवणारी प्रीमिअर ऑटोमोबाइल्स होती, बॉम्बे डाइंगही होती. बँक किंवा सॉफ्टवेअर कंपनी एकही नव्हती. आज बँका आणि वित्तीय कंपन्यांचा वाटा सर्वात मोठा आहे. मागे पडलेली कंपनी बाहेर जाते, नवी आत येते. त्यामुळे सेन्सेक्स वाढला म्हणून तुमच्याकडचा शेअर वाढेलच असं नाही.

उदाहरण जळगावातलंच आहे. केळीच्या बागांना ठिबक पुरवणारी जैन इरिगेशन शेअर बाजारात आहे, सेन्सेक्समध्ये नाही. २०१९मध्ये सेन्सेक्स सुमारे १४ टक्के वाढला. त्याच वर्षी कर्जाच्या अडचणीत सापडलेल्या या कंपनीचा शेअर मात्र जोरदार आपटला.

मग यावलचा संबंध कुठे येतो?

केळीचा भाव सेन्सेक्स ठरवत नाही. तो आवक, मागणी, वादळ आणि निर्यातीवर हलतो. पण इंडेक्स फंडात एसआयपी असेल, तर घसरण थेट खात्यात दिसते. नोकरदारांच्या पीएफचा काही भाग ऑगस्ट २०१५पासून सेन्सेक्स आणि निफ्टीवर आधारित ईटीएफमध्ये जातो. अर्थात पीएफधारकाला मिळतं ते जाहीर झालेलं व्याज, त्यामुळे एका दिवसाच्या घसरणीने त्याची शिल्लक कमी होत नाही.

उलट्या बाजूनेही संबंध आहे. महिंद्राचे ट्रॅक्टर आणि हिंदुस्थान युनिलिव्हरचा साबण गावातही विकला जातो. शेतकऱ्यांच्या हातात पैसा खेळला नाही, तर या कंपन्यांची विक्री मंदावते. पण ३० कंपन्यांच्या बेरजेत एका तालुक्याचा तोटा दिसत नाही. म्हणूनच ज्या दिवशी सेन्सेक्स विक्रम करतो, त्या दिवशीही केळी मातीमोल भावाने जाऊ शकते.

पुढच्या वेळी ‘बाजार कोसळला’ असा मेसेज आला, तर तीन गोष्टी बघा : किती टक्के, किती दिवसांत, आणि तुमचा पैसा त्यात आहे का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर घाबरायचं कारण नाही. ‘हो’ असेल आणि पैसा दहा-पंधरा वर्षांसाठी ठेवलेला असेल, तर एका दिवसाच्या आकड्यावरून विकण्याची घाई करू नका.