भिंग घेण्यापूर्वी

‘बसते’ आणि ‘चालते’ या दोन क्रियापदांत किती अंतर आहे, हे व्याकरणाच्या तासापेक्षा कॅमेऱ्याच्या दुकानात लवकर कळते. शिंदे की छावनीतील आमच्या शेजारच्या घरी सध्या हाच प्रश्न उभा आहे. नातीपाशी निकॉनचा डी ३५००, म्हणजे नवशिक्यांसाठीचा कॅमेरा आहे. तिला फुलपाखरे जवळून टिपावयाची आहेत. आजोबांना घरातील मोडी रुमाल आणि संस्थानी तांब्याची नाणी, कागद आणखी विरण्यापूर्वी, छायाचित्रांत जपून ठेवावयाची आहेत. घरखर्चातून बाजूस पडलेली रक्कम एकाच मॅक्रो भिंगापुरती आहे. दुकानदाराने ६० मिलिमीटरचे जुने भिंग दाखवून ‘बिलकुल बैठ जाएगा’ असे सांगितले. ‘सर, घ्यावे का?’ असे आजोबांनी आम्हांस विचारले.

दुकानदार खोटे बोलला नाही. निकॉनची ‘एफ’ बैठक १९५९ सालापासूनची आहे आणि ते भिंग तीवर खरोखरच बसते. परंतु त्या जुन्या ‘एएफ-डी’ जातीच्या भिंगात स्वतःची मोटर नसते. ते फिरविण्याची मोटर कॅमेऱ्यात असावी लागते, आणि ती डी ३५०० मध्ये नाही. त्यामुळे चित्र स्पष्ट करण्यासाठी कडे हातानेच फिरवावे लागते. या कॅमेऱ्यास ‘एएफ-एस’ अक्षरांचे भिंग पाहावे. निकॉन अशा भिंगावर ‘मॅक्रो’ न लिहिता ‘मायक्रो’ लिहिते, हेही ध्यानात असू द्यावे. कॅननवाल्यांची ही अडचण नाही. १९८७ पासूनच्या त्यांच्या ‘ईएफ’ भिंगांत मोटर आतच असते.

आता खरी गोम अंतराची आहे. ४० मिलिमीटरचे भिंग स्वस्त व हलके. पण वस्तू मूळ आकाराइतकी टिपावयाची तर भिंगाच्या तोंडापुढे जेमतेम दोन बोटे जागा उरते. फुलपाखरू इतका वेळ थांबत नाही, आणि नाण्यावर भिंगाचीच सावली पडते. ८५ किंवा १०५ मिलिमीटरच्या भिंगाने वीतभराच्या आसपास अंतर राखता येते. नातीसाठी आम्ही यांपैकी एक, वापरलेले असले तरी, सुचविले.

आजोबांचे काय? त्यांच्या मोडी पानांस मॅक्रो भिंग लागतच नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. पान वीत-दीड वीत लांबीचे. कॅमेऱ्याबरोबर आलेले १८-५५ चे भिंग तिपाईवर, कागदाशी समांतर ठेवून, दोन्ही बाजूंनी सारखा प्रकाश दिला की काम होते. झगझगाट नको. म्हणजे ज्या कामाची घाई आहे ते आजच सुरू होऊ शकते. ते नव्या भिंगावाचून खोळंबले होते हा केवळ समज.

नाण्यांचा हिशेब निराळा. या कॅमेऱ्यातील संवेदक पट्टिका सुमारे २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटरची. २२ मिलिमीटरचे नाणे मूळ आकारात घेऊ गेल्यास वरून-खालून कापले जाईल; थोडे मागेच सरावे लागते. पूर्ण प्रमाण उपयोगी पडते ते त्यावरील एखादे अक्षर वाचण्यास. नाण्यास प्रकाश एकाच बाजूने, तिरपा द्यावा. आमच्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरात इ. स. ८७६ चा लेख आहे. त्यातील २७० आकड्याचे शून्य पाहावयास जाणाऱ्यांना हे चटकन पटेल. समोरून उजेड पडला की कोरीव अक्षर सपाट होते.

‘मॅक्रो’ हा शब्द अनेक झूम भिंगांवरही छापलेला असतो. त्यावर न जाता १:१ हे प्रमाण शोधावे. कित्येकांत ते १:४ च्या आसपासच निघते. आणि पत्र्याची स्वस्त जोडनळी? तिच्यात विजेचे संपर्क नसतील व भिंगावर छिद्राचे कडे नसेल, तर निकॉनचे छिद्र अगदी लहान होऊन बसते व समोर अंधार होतो. आम्ही ती घेऊ देणार नाही.

जुने भिंग पाहावयास जाताना आपला कॅमेरा सोबत न्यावा, भिंग चढवून कळ अर्धी दाबावी आणि आत हालचाल होते का ते कान देऊन ऐकावे. नंतर भिंग काढून, दोन्ही बाजूंनी छिद्र उघडे ठेवून, एका टोकाने विजेरीचा झोत टाकावा. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी समजावी, आणि दुकानदार कितीही रुपये कमी करो, भिंग तेथेच ठेवून यावे.