कुलूप कुणी लावायचे?

सून फोनवर फार वेळ घालवते म्हणून सासऱ्यांनी तिचा फोन कपाटात कुलूपबंद केला, तर आपण त्यांना काय म्हणू? 'तिच्या भल्यासाठीच केले' हे उत्तर आज कुणाला पटणार नाही. मग तेच उत्तर सरकारने दिले, तर ते निमूटपणे का ऐकायचे?

२९ जून २०२० ला केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. गलवान खोऱ्यात आपल्या २० जवानांना वीरमरण येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. लोकांचा संताप योग्यच होता. आपली माहिती परक्या देशाच्या हाती पडण्याची भीतीही अनाठायी नव्हती. पण एका रात्रीत असंख्य सामान्य माणसांचे व्यासपीठ गेले. त्यांत गृहिणी होत्या, शेतकरी होते, ज्यांना सिनेमावाल्यांनी कधी दारातही उभे केले नसते. त्यांना कुणी विचारलेसुद्धा नाही.

ही बंदी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली झाली. या कलमाखालच्या कारवाईबाबत गुप्तता पाळावी, असे २००९ चे नियम सांगतात. कारणच कळले नाही, तर दाद कशाच्या आधारावर मागायची? २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कायम ठेवले, पण कारणे लेखी नोंदवावीच लागतील, म्हणजे त्यांना न्यायालयात आव्हान देता येईल, हेही लक्षात आणून दिले. त्याच निकालात कलम ६६अ मात्र रद्द झाले. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या एका साध्या मजकुरासाठी अटक झाली, तेव्हा हेच कलम लावले होते. अधिकार हाती आला की तो कुणावर चालेल, याचा नेम नसतो.

शेजारच्या नेपाळने ४ सप्टेंबर २०२५ ला नोंदणीचे कारण देऊन फेसबुक, यूट्यूबसह २६ माध्यमे बंद केली. भ्रष्टाचाराने आधीच चिडलेले तरुण ८ तारखेला रस्त्यावर उतरले. त्या एका दिवसात किमान १९ जणांचा बळी गेला. बंदी त्याच रात्री उठली आणि दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओली यांना राजीनामा द्यावा लागला.

याचा अर्थ सगळे मोकाट सोडावे असा नाही. लहान मुलांना आवर हवाच. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना अशा माध्यमांवर खाते ठेवता येत नाही, पण तिथे दंड कंपन्यांना होतो, मुलांना किंवा आईवडिलांना नाही. कंपनी माहिती चोरत असेल, तर कान तिचा पिळा. सज्ञान माणसाने काय पाहावे, हे मात्र त्यालाच ठरवू द्या.

आणि हो, ही मागणी सरकारकडे करण्याआधी आपल्या घरातले ते कपाटही एकदा उघडून पाहावे. मतदान करण्याइतकी शहाणी असलेली मुलगी किंवा सून स्वतःचा फोन वापरण्याइतकी शहाणी नाही, असे आपणच मानत असू, तर सरकारला कोणत्या तोंडाने जाब विचारणार?