दगड नाहीत, म्हणून जमीन राखा

लंडनला गेलेला साहित्यप्रेमी मराठी माणूस बनहिल फील्ड्सची वाट धरतो. डॅनियल डिफोचा स्तंभ, विल्यम ब्लेकची शिळा, फोटो, झालं. तिथून रस्ता ओलांडून थोडं आत गेलं की इमारतींच्या बेचक्यात ‘क्वेकर गार्डन्स’ नावाची लहानशी बाग आहे. तिकडे मात्र सहसा कुणी फिरकत नाही. या जमिनीत सुमारे १२,००० माणसं पुरली गेली.

अधिकाऱ्यापुढे टोपी न काढणारे, कोर्टात शपथ न घेणारे, हाती शस्त्र न धरणारे हे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक. १६६१ मध्ये त्यांनी ही जागा विकत घेतली. पंथाच्या स्वतःच्या मालकीची ही पहिली जमीन. पुढच्याच वर्षी त्यांच्याविरुद्ध खास कायदा झाला आणि तुरुंग भरू लागले. न्यूगेटच्या तुरुंगात मेलेला एडवर्ड बरो इथे आला, १६६५ च्या प्लेगचे बळी आले, १६९१ मध्ये खुद्द संस्थापक जॉर्ज फॉक्स आला.

मेल्यावर लहानथोर कसले, म्हणून थडग्यावर नावाचा दगड नको, ही त्यांची शिस्त. १७१७ मध्ये तर असलेले दगडही काढायला सांगण्यात आलं. फॉक्सच्या थडग्याला लोक भेटी देऊ लागले तेव्हा व्यक्तिपूजा नको म्हणून पंथातल्याच एकाने तो दगड फोडायला लावला, असं सांगतात. साध्या, एकसारख्या दगडांना १८५० मध्ये परवानगी मिळाली आणि १८५५ मध्ये इथली दफनं थांबली. आज फॉक्सच्या नावाची एक शिळा आहे, बाकी नुसती बाग.

मला ही शिस्त मनापासून पटते. पण वाढत्या शहराला मोकळी दिसणारी जमीन बघवत नाही. १८८० च्या सुमारास या दफनभूमीचा मोठा तुकडा गेलाच. जुन्या दफनभूमींवर बांधकामाला बंदी घालणारा कायदा आला १८८४ मध्ये, आणि १९८१ च्या दुरुस्तीने त्यातही सूट दिली. बनहिल फील्ड्समध्ये मोठी नावं आहेत. तिथे हात लावला तर जगभर ओरड होईल. इथल्या माणसांसाठी कोण ओरडणार?

आपण ओरडावं, कारण त्यांचं आपल्याशीही नातं आहे. सेवाग्रामच्या नई तालीममध्ये राबलेल्या मार्जरी साइक्स क्वेकरच होत्या. १९४७ चं शांततेचं नोबेल क्वेकरांच्या दोन सेवासंस्थांना मिळालं. त्या परंपरेची मुळं या मातीत आहेत.

लंडनकर मराठी मंडळींनो, ही बाग इझलिंग्टन कौन्सिलकडे आहे. आसपासच्या बांधकामांचे अर्ज जाहीर होतात, त्यांवर कुणालाही लेखी हरकत घेता येते. प्रस्ताव येईपर्यंत थांबू नका, आतापासून लक्ष ठेवा. मुलांना तिथे न्या, फॉक्सची गोष्ट सांगा. आणि सहलीला जाणाऱ्यांनो, ब्लेकला भेटून झाल्यावर तेवढा रस्ता ओलांडाच. जिथे माणसांचा राबता असतो, त्या जागेवर हात टाकायला कुणीही दहादा विचार करतो.