खोक्यात निघाला साबण!

मागवावे एक आणि यावे भलतेच, असा अनुभव आता घरोघरी येऊ लागला आहे. मोबाईलवर बोट दाबले की चार दिवसांत खोके दारात हजर. पण खोक्यात काय निघेल, याचा भरवसा कोणी द्यावा?

जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका तरुण संगणक अभियंत्याने फ्लिपकार्टवरून सुमारे ५५ हजार रुपयांचा आयफोन मागवला. खोके उघडले तर आत कपडे धुण्याच्या साबणाची वडी! त्याने सरळ भायखळा पोलीस ठाणे गाठून तक्रार नोंदवली. त्याच वर्षी डिसेंबरात सिनेनटी सोनाक्षी सिन्हा यांनी अ‍ॅमेझॉनवरून सुमारे १८ हजारांचे हेडफोन मागवले, तर निघाला भंगारातला लोखंडी तुकडा. म्हणजे मोठ्या माणसांचीही यातून सुटका नाही.

उलटा प्रकारही घडतो. जून २०२० मध्ये पुण्याच्या एका गृहस्थाने अ‍ॅमेझॉनवरून ३०० रुपयांचे लोशन मागवले आणि आले १९ हजारांचे कानात घालायचे इअरबड्स. त्यांनी प्रामाणिकपणे कळवले, तर उत्तर आले की ही वस्तू परत घेता येत नाही, तुम्हीच ठेवा! मे २०२१ मध्ये मुंबईच्या एका ग्राहकाला चार बाटल्या माऊथवॉशऐवजी रेडमीचा मोबाईल मिळाला. माऊथवॉश परत घेतला जात नाही, म्हणून मोबाईलही परत करता येईना. आता गुळण्या करायच्या कशाने?

आमच्या मीरा-भाईंदरमध्येही असे किस्से कानावर येतात. नवघरच्या एका ताईंनी बुद्धपौर्णिमेसाठी पांढरी साडी मागवली, आली ती पाणीपुरीच्या पाण्यासारखी हिरवीगार. गोडदेवच्या एका भाऊंना बुटांचा जोड मिळाला, पण दोन्ही बूट डाव्या पायाचे. ज्या भाईंदर पूर्वेत स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत, तिथल्याच एका मावशींनी फोटो पाहून पिठाचा डबा मागवला. आला तो मीठ ठेवण्याएवढा!

ऐकणाऱ्याला हसू येते. ज्याचे पैसे गेले त्याला मात्र येत नाही. कंपनीच्या हिशेबात पाचशे रुपये किरकोळ असतील. नाक्यावर उभे राहून काम शोधणाऱ्याच्या घरी ती दिवसाची मजुरी असते. आणि मोबाईल हप्त्यावर घेतला असेल तर खोक्यात साबण निघाला तरी हप्ता कापला जातोच.

मग राग निघतो कोणावर? सामान घेऊन आलेल्या पोरावर! बंधू-भगिनींनो, जरा विचार करा. तो खोके भरत नाही आणि फोडतही नाही. पाठीवर पोत्याएवढी पिशवी घेऊन, लिफ्ट बंद असलेल्या इमारतीचे मजले चढून तो येतो. "देवळामागची गल्ली, नळाजवळ" एवढ्या पत्त्यावर तो आपले घर शोधून काढतो. अशी कितीतरी मुले आपल्याच वस्तीतली, आपल्याच नात्यातली आहेत. त्याला दिलेली शिवी कंपनीच्या कचेरीपर्यंत पोहोचत नाही. लिहिलेली तक्रार मात्र पोहोचते.

लिहिलेल्या तक्रारीचे बळ केवढे, ते पाहा. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी, आजच्या इराकमधल्या ऊर नगरात एआ-नासिर नावाचा तांब्याचा व्यापारी होता. त्याने हलका माल दिला म्हणून नान्नी नावाच्या ग्राहकाने मातीच्या पाटीवर त्याला चांगले खडसावले. माझ्या निरोप्यांना तू अपमान करून रिकाम्या हाती परत पाठवलेस, हाही जाब त्यात विचारला. ती पाटी आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नान्नी नुसता ओरडला असता तर त्याचे नावही उरले नसते. आणि त्याने आपल्या निरोप्यांचा मान राखला, हेही आपण ध्यानात घ्यावे.

आपल्या हाती तर कायदा आहे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच महिन्यात ऑनलाइन विक्रीचे नियमही आले. कंपनीने तक्रार अधिकारी नेमून त्याचे नाव व संपर्क जाहीर केला पाहिजे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल एका महिन्यात दिला पाहिजे. माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा असेल तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही.

म्हणून खोके उघडतानाच मुलांना मोबाईलवर चित्रण करायला सांगा. पत्त्याची चिठ्ठी, सील आणि आतली वस्तू सलग दिसू द्या. बिल जपून ठेवा. तक्रार लेखी करा, तिचा क्रमांक वहीत टिपा. मजकूर चार ओळींचा पुरे: काय मागवले, कधी, किती पैसे दिले, काय आले आणि आता काय हवे. शिव्या वगळा, त्यांनी तक्रार मोठी होते, वजनदार होत नाही.

कंपनीने दाद दिली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोला. त्यानेही भागले नाही तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनीची कचेरी बंगळुरूला असली तरी आपण राहतो तिथल्या आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील केलाच पाहिजे असेही नाही. मुदत दोन वर्षांची. ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या अर्ज करता येतो.

एक मात्र सांभाळा. तक्रारीसाठी इंटरनेटवर दिसेल तो नंबर फिरवू नका. तिथे भामटे टपलेले असतात. कंपनीच्या अ‍ॅपमधूनच जा, ओटीपी कोणाला सांगू नका. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर कळवा.

पाचशे रुपयांसाठी कुठे भांडत बसायचे, असे म्हणून आपण गप्प बसतो. आपल्या या गप्प बसण्यावरच त्यांचा धंदा चालतो. घामाचा पैसा मागताना लाज कसली? ताई, लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीला लिहायला बसवा. आणि खोके घेऊन आलेल्या पोराला आधी पेलाभर पाणी द्या.