गहू-तांदळाने ताट भरत नाही


‘रेशन फुकट, मग कुपोषणाची ओरड कशाला?’ हे पत्र वाचले. ते मुळीच पटले नाही.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे, हे खरे. पण हे गहू-तांदूळ. डाळ, तेल, भाजी कुठून आणायची? शिवाय आपल्या भागातल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०२३ मध्ये धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये ठरले. तेवढ्यात किती धान्य येते, ते पत्रलेखकांनी दुकानात विचारावे.

घाटनांदूरच्या शिवारात आता जिकडेतिकडे सोयाबीन. ज्वारी मागे पडली, तणनाशकाने तांदुळजा, घोळ, पाथरी बांधावरून हटली. भाकरीवर जगणारी घरे ज्वारी विकत आणतात! कायद्यात भरड धान्याची तरतूद आहेच. बीडची ज्वारी हमीभावाने घेऊन इथल्याच रेशन दुकानांत द्यायला काय हरकत आहे?

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्यांचे हाल तर वेगळेच. ‘एक देश, एक रेशन कार्ड’मुळे कारखान्याजवळच्या दुकानातही आपला वाटा उचलता येतो आणि घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांना त्यांचा इथे घेता येतो. कित्येक जोडप्यांना हे ठाऊकच नसते. टोळ्या निघण्याआधी ग्रामपंचायतीने प्रत्येक घरी जाऊन ते सांगावे, मागे राहणाऱ्या लेकरांची नावे अंगणवाडीत आहेत का तेही पाहावे.

— एक वाचक, घाटनांदूर (ता. अंबाजोगाई)