सगळं ठाऊक आहे, भो!

तोंड उघडा आणि उजव्या हाताची तीन बोटं एकावर एक अशी उभी आत घालून बघा. गेली? मग तुमचं बरं चाललंय. माझी दोनच जातात. तिसरं बोट दाताशी अडतं.

गेल्या वर्षी जळगावच्या एका दातांच्या डॉक्टरांनी मला हीच परीक्षा द्यायला लावली. गालाच्या आतली कातडी घट्ट झालीय, या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, तो सुपारीने होतो, पूर्ण मागे फिरत नाही आणि पुढे कॅन्सरचा धोका वाढवतो, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, “हे तुम्हाला माहीत नव्हतं का?”

माहीत होतं, आणि माझं भांडण इथूनच सुरू होतं.

मी पहूरचा. जळगावहून अजिंठ्याला गेला असाल तर माझ्या गावातून गेला आहात. पहूर पेठ आणि पहूर कसबे मिळून गाव, जवळून वाघूर नदी, बाजूने पाचोरा-जामनेर ‘पीजे’ची जुनी लाइन, आजूबाजूला कपाशी. बसस्टँडवर उतरलं की चहाच्या आधी पुडीच्या माळा दिसतात. मी पहिली पुडी आठवीत खाल्ली. कुणी जबरदस्ती केली नाही. शाळेतून घरी जायच्या वाटेवर ती चहापेक्षा स्वस्त होती, एवढंच.

बीएस्सी झाल्यावर हाताला काम नव्हतं, तेव्हा मी एका संस्थेच्या आरोग्य-पाहणीत माहिती गोळा करायला लागलो. पंधरा ते चोवीस वयाची मुलं-मुली गाठायची, टॅबलेटवर प्रश्न वाचायचे, उत्तरांवर बोट ठेवायचं. अशा प्रश्नावल्यांचा साचा ठरलेला असतो : आधी ज्ञान, मग दृष्टिकोन, मग आचरण. तंबाखूने कॅन्सर होतो हे तुम्हाला माहीत आहे का? तंबाखू वाईट आहे असं तुम्हाला वाटतं का? तुम्ही तंबाखू खाता का?

बसस्टँडवरच्या टपरीला टेकलेल्या एका पोराने माझा पहिला प्रश्न अर्ध्यातच तोडला. “हे तं सगळं ठाऊक हाय, भो. पुढचं विचार.” त्याच्या तोंडात तोबरा होता. माझ्या खिशात पुडी होती. मी ‘हो’वर बोट ठेवलं आणि पुढे गेलो.

त्या दिवशी मला जवळपास सगळ्यांनी ‘हो’ म्हटलं. पाहणीचा अहवाल नंतर माझ्या पाहण्यात आला. शेवटच्या परिच्छेदात शिफारस होती : ग्रामीण युवकांमध्ये व्यापक जनजागृतीची आवश्यकता आहे.

कसली जागृती? आम्ही जागेच आहोत.

हे मी फक्त पहूरच्या अनुभवावरून म्हणत नाही. २०१६-१७मध्ये देशभर प्रौढांच्या तंबाखूसेवनाची मोठी पाहणी झाली, ‘गॅट्स’ची दुसरी फेरी. चघळायच्या तंबाखूने गंभीर आजार होतात असं ९५.६ टक्के लोकांनी सांगितलं. आपल्या देशात इतकं एकमत क्रिकेटच्या टीमवरही होत नाही. पण त्याच पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ, म्हणजे जवळजवळ चारातला एक, बिनधुराचा तंबाखू वापरणारे निघाले. सिगारेट-बिडी ओढणारे होते ३.८ टक्के. म्हणजे आपल्या राज्याचा प्रश्न धुराचा नाही, तोबऱ्याचा आहे. आणि तो अज्ञानाचा प्रश्न तर नाहीच.

तरी दरवर्षी ३१ मे आला की शाळेत निबंध, तालुक्याच्या गावी रॅली आणि फलक धरलेल्या पोरांचा फोटो. रॅली ज्या रस्त्याने जाते त्याच रस्त्यावर माळा लटकत असतात. २००३च्या कायद्यानुसार शाळा-कॉलेजच्या शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही आणि अठराच्या आतल्या कुणालाही विकता येत नाही. जुलै २०१२पासून महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आहे. हा आदेश अन्नसुरक्षा कायद्याखाली वर्षापुरताच काढता येतो, म्हणून तो दरवर्षी नव्याने निघतो. बंदी आल्यावर धंद्याने काय केलं? सुपारी एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत. दोन्ही घ्या, तळहातावर मिसळा, झाला गुटखा. तळहातावर कुठला कायदा चालणार?

आता मला सांगा, आपलं ‘आचरण’ कुणी तपासायला हवं? पंधरा वर्षांच्या पोराचं, की त्याला दोन पुड्या देणाऱ्याचं, त्या पुड्या बनवणाऱ्याचं आणि हे बघून पुढे जाणाऱ्या साहेबाचं? मी त्या कामात शेकडो पोरांना विचारलं की तू का खातोस. टपरीवाल्याला विचारायचा एकही प्रश्न टॅबलेटवर नव्हता. ग्रामपंचायतीला, पोलीस ठाण्याला, अन्न आणि औषध प्रशासनाला विचारायचा तर नव्हताच. गरिबाचं वागणं मोजायला सोपं असतं. तो टपरीवर उभा सापडतो आणि उत्तर द्यायला नाही म्हणत नाही.

यावर माझ्याच ओळखीचे लोक म्हणतात, “म्हणजे सगळं सरकारने करायचं? तुझा हात तुझ्या तोंडात गेला ना?” गेला. माझं तोंड मी बंद करून घेतलंय आणि त्याचा हिशोब मी रोज देतो. शेवभाजीचा रस्सा जिभेला लागला की सगळं तोंड पेटतं. भरीत आई माझ्यासाठी मिरची न घालता वेगळं काढते. खानदेशी माणसाला यापेक्षा मोठी शिक्षा नाही. पण २०१९ची शाळकरी मुलांची देशव्यापी पाहणी काय सांगते तेही ऐका. तेरा ते पंधरा वयाची ८.५ टक्के मुलं तंबाखू वापरत होती, आणि चघळायचा तंबाखू घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलांनी दहावा वाढदिवस यायच्या आधीच सुरुवात केली होती. नऊ वर्षांच्या पोराला जबाबदारीचं व्याख्यान देणार? त्याच्या हातात पुडी गेली तेव्हा सगळी मोठी माणसं कुठे होती, हा आधीचा प्रश्न आहे.

आणि वागणं बदलतच नाही असंही नाही. देशात पंधरा ते चोवीस वयोगटातलं तंबाखूचं प्रमाण २००९-१०मध्ये १८.४ टक्के होतं, २०१६-१७मध्ये ते १२.४वर आलं. या काळात कर वाढले, गुटख्यावर राज्याराज्यांत बंदी आली, पाकिटांवर चित्रं आली. यातल्या कशाने किती फरक पडला हे मी छाती ठोकून सांगणार नाही. चित्र हीसुद्धा माहितीच आहे, हे मान्य. पण ती माहिती कायद्याने मालावरच छापायला लावली आहे, विकणाऱ्याच्या खर्चाने. आमच्या निबंधाच्या वहीत ती छापली असती तर कुणी बघितली असती?

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की हा माणूस माहिती देण्याच्याच विरोधात आहे. उलट आहे. कारण त्याच प्रश्नावलीत पुढे दुसरा भाग होता, आणि तिथे खरोखर अंधार होता.

एचआयव्ही कशाने होतो, कशाने टळतो, हे प्रश्न आले की मघाचा तोच पोरगा गप्प. मुलींच्या घरी तर प्रश्न वाचतानाच आई येऊन शेजारी बसायची, आणि मी पडद्यावरचा ‘सांगता येत नाही’ हा पर्याय निवडून सुटका करून घ्यायचो, माझी आणि तिचीही. देशाचा आकडा बघा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या २१.६ टक्के बायकांना आणि ३०.७ टक्के पुरुषांनाच एचआयव्हीबद्दल पुरेसं आणि बरोबर ज्ञान होतं. कंडोमने आणि एकाच जोडीदाराने धोका कमी होतो, धडधाकट दिसणाऱ्यालाही एचआयव्ही असू शकतो, डास चावून तो होत नाही, एवढीच ही परीक्षा असते. तिच्यात देश नापास आहे.

मग इथे का नाही रॅली? इथे का नाही निबंध? कारण २००७ साली, केंद्राचा किशोरवयीन मुलांसाठीचा शिक्षणक्रम शाळांत येत असताना, आपल्या विधिमंडळात त्यावर गदारोळ झाला आणि महाराष्ट्राने तो थांबवला. आमच्या वर्गात प्रजननाचा धडा आला तेव्हा सर म्हणाले, “हा घरी वाचा.” घरी कुणी वाचला नाही. आम्ही मोबाइलवर बघितलं, आणि जे बघितलं त्यात आजार टाळायचं काहीच नव्हतं.

हे त्या महाराष्ट्रात, जिथे र. धों. कर्व्यांनी १९२१मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४मध्ये त्यांचा खटला लढवायला डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. नव्वद वर्षांपूर्वी या भाषेत जे छापलं जात होतं, ते आज आमच्या वर्गात मोठ्याने वाचता येत नाही.

म्हणजे हिशोब असा आहे : जे आम्हाला ठाऊक आहे ते तुम्ही दरवर्षी ओरडून सांगता, आणि जे ठाऊक नाही तिथे दार लावून घेता. पहिल्याला जनजागृती म्हणता, दुसऱ्याला संस्कृती. दोन्हींत सांगणाऱ्याला काहीही तोशीस पडत नाही. ना धंदेवाल्याशी भांडावं लागतं, ना पालकांशी.

तिसरी गोष्ट याहून जास्त लागते. २००९मध्ये भारतातल्या नऊ केंद्रांवर दहा ते अठरा वयाच्या मुलींवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धच्या एचपीव्ही लशीचा अभ्यास सुरू झाला. पुणे, मुंबई आणि सोलापूर जिल्ह्यातली बार्शी त्यात होती. दोन डोस पुरतात की तीन लागतात, हा मूळ प्रश्न. पण आंध्र आणि गुजरातमधल्या दुसऱ्याच एका लस-प्रकल्पावरून वादळ उठलं आणि २०१०मध्ये सरकारने लसीकरण थांबवायला सांगितलं. त्या दुसऱ्या प्रकल्पात वसतिगृहातल्या मुलींच्या संमतीच्या कागदांवर अधीक्षकांनी सह्या केल्याचं पुढे संसदीय समितीने नोंदवलं. राग योग्यच होता. पण बार्शी-पुण्याच्या अभ्यासातल्या हजारो मुलींना त्यामुळे एकच डोस मिळाला होता. संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही, वर्षानुवर्षं तपासत राहिले. २०२१मध्ये निष्कर्ष छापून आला : एचपीव्हीच्या १६ आणि १८ या दोन घातक प्रकारांचा टिकून राहणारा संसर्ग एका डोसनेही ९५ टक्क्यांच्या आसपास टळतो. २०२२च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असं म्हटलं. जगभरच्या गरीब देशांचा लशीचा खर्च कमी करणाऱ्या पुराव्यात बार्शीच्या पोरींचं रक्त आहे, शब्दशः, नमुन्यांच्या नळ्यांतलं.

आणि पहूरला अकरावीच्या मुलींना मी सहज विचारलं, एचपीव्ही ऐकलंय? एकीनेही ऐकलं नव्हतं. देशी लस पुण्यात बनते, तिला २०२२मध्ये मंजुरी मिळाली, हेही नाही. आमच्यातल्या मुली जगाला उत्तर देऊन बसल्या आणि ते उत्तर आमच्या एसटीत बसून पहूरपर्यंत आलंच नाही.

म्हणून युवकांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्यांशी माझं भांडण त्यांनी प्रश्न विचारू नयेत यासाठी नाही. विचारा. मोजल्याशिवाय काही कळत नाही, आणि बार्शीसारखं चिकाटीने मोजलं तर जग बदलतं, हे मी वर लिहिलंच आहे. पण तीन अटी आहेत.

एक : ज्या गावात पोरांना प्रश्न विचाराल, त्याच गावात शाळेपासून शंभर यार्डांत किती टपऱ्या आहेत ते मोजा, आणि तो आकडा अहवालाच्या पहिल्या पानावर छापा.

दोन : शरीराबद्दलचे प्रश्न आईच्या समोर वाचून ‘सांगता येत नाही’ गोळा करू नका. मुलीशी बाईने बोलावं, मुलाला एकांत द्यावा, आणि प्रश्न संपल्यावर बरोबर उत्तरं सांगूनच उठावं. मी शेकडो घरांतून उत्तरं घेऊन उठलो, एकाही घरात दिली नाहीत. मला तशी परवानगी नव्हती. गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था ‘तारुण्यभान’ नावाने मुलामुलींशी या विषयांवर मोकळेपणी बोलत आली आहे, तेव्हा मराठीत हे बोलता येत नाही ही सबब चालणार नाही.

तीन : निष्कर्ष परत आणा. मराठीत, ग्रामसभेत, आम्ही समोर बसलेले असताना. आणि ‘जनजागृतीची आवश्यकता आहे’ हे वाक्य लिहायचं असेल तर कुणाला जागं करायचं आहे, त्याचं पद लिहा.

बसस्टँडवरचा तो पोरगा मला अजून भेटतो. माझी पुडी सुटली हे त्याला माहीत आहे. परवा मी त्याला म्हटलं, तीन बोटं घालून बघ. त्याने इकडेतिकडे बघितलं, टपरीच्या मागे गेला, आणि परत आला तेव्हा हसत नव्हता. अडीच, म्हणाला. मग विचारलं, “दवाखान्यात कोणाले दाखवू, भो?”

माझ्या टॅबलेटवर हा प्रश्न नव्हता. आम्ही दोघं सोमवारी जळगावला जातोय.